हजार मैल आणि एक ओळ

खोली भाड्याने देताना लोक जात विचारतात, मांस-मच्छी खाता का विचारतात, अजून लग्न का नाही झालं तेही विचारतात. आमच्या घरमालक काकांनी मला यातलं एकही विचारलं नाही. त्यांनी पाठ सुटलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक माझ्यापुढे उघडून ठेवलं, मधल्याच एका ओळीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "येथी काय लिवलं हाये, सांगा."

वरठीजवळच्या एका हायस्कुलात इंग्रजीची शिक्षिका म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. दोन्ही हातांत बॅगा, स्टेशनापासून पायी आल्यामुळे डोकं तापलेलं. मनात आलं, हा काय प्रकार आहे, इथूनच परत फिरावं. पण कोणी इंग्रजीची परीक्षा घ्यायला लागलं की मला मागे हटता येत नाही, तो माझा जुना रोग आहे. मी उभ्या उभ्याच वाचलं आणि सांगितलं की, या गाडीच्या डब्यांचे पत्रे रिव्हेट ठोकून जोडलेले नाहीत, विजेने जोडले आहेत.

"रिव्हेट काहून नाही ठोकले?"

"मला काय माहीत? पुढे लिहिलं असेल."

"वाचा मंग."

अर्धं पान वाचून झालं तेव्हा आतून काकू आल्या. "अजी, त्या बाईले पानी तं पिऊ द्या," म्हणाल्या आणि माझ्या हातातली बॅग घेऊन सरळ मागच्या खोलीत ठेवून आल्या. अशी मला खोली मिळाली. अट एकच होती: दर रविवारी सकाळी दोन पानं.

ते पुस्तक एका आगगाडीचा इतिहास होतं. १९३४ साली अमेरिकेत धावलेली डिझेलवरची एक पॅसेंजर गाडी. तोवर तिकडे कोळशाचीच इंजिनं होती, काळीकुट्ट आणि धुराने भरलेली. ही मात्र नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, वाऱ्याला वाट देणारी, आणि चकचकीत स्टीलची. नाव झेफिर. काका 'झेफर' म्हणत. तिचे तीन डबे होते आणि इंजिनाला आठ सिलिंडर. तिची सगळ्यात मोठी कीर्ती अशी की, एके दिवशी पहाटे एका गावाहून निघून, हजार मैल मध्ये कुठेही न थांबता, दिवस बुडायच्या आत ती दुसऱ्या शहरातल्या मोठ्या जत्रेत जाऊन उभी राहिली. वरठीहून कलकत्ता जितकं लांब, त्याहूनही लांब.

घरी कोणी पाहुणा आला की काका त्याच्या हातातला पाण्याचा गिलास उलटा करायला लावत. "हे काय हाये? स्टील. थी गाडी याच स्टीलची होती. गंजाचं काम नाही, रंगाचं काम नाही. धुतली का झाली." पाहुणा पाणी पिणार कधी, हा प्रश्न त्यांना पडत नसे. एकदा गाडीच्या अंगावरच्या पन्हाळ्या कशा होत्या ते दाखवण्यासाठी त्यांनी काकूंचा पोह्यांचा डबा हातोडीने ठोकून ठोकून नालीदार केला. काकू तो डबा रोज वापरत, पण झाकण बसत नसल्यामुळे त्यावर ताटली ठेवत. तक्रार म्हणून त्यांनी कधी केली नाही. फक्त ताटली जरा जोरात ठेवत.

काका मूळचे लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीचे. धानाचं घर, धाकटा भाऊ अजूनही शेती करणारा. काकांचं मन मात्र मातीत रमलं नाही, इंजिनात रमलं. तरुणपणीच ते तुमसरला एका राइस मिलमध्ये डिझेल मिस्त्री म्हणून लागले. मिल बंद पडल्यावर वरठीला घर बांधलं आणि पुढच्या अंगणात पाण्याचे पंप दुरुस्त करत बसले. मी राहायला गेले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. उंच, वाळलेले, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा आणि नखं मात्र कायमची काळी. उजव्या तळहाताची कातडी पांढरट, ताणलेली होती, आणि त्या हाताची दोन बोटं वळत नसत. नमस्कार करायचा झाला तरी ती दोन बोटं सरळच राहायची.

रोज संध्याकाळी ते वरठीतल्याच भंडारा रोड स्टेशनावर जायचे. कोणाला आणायला नाही की पोचवायला नाही. फलाटाच्या टोकाला उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनांकडे नाक मुरडायचं, एवढंच काम. आता तिथून जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना विजेची इंजिनं. काका त्यांना इंजिन म्हणायलाच तयार नसत. "हे इंजन नाही जी, हे पंखे हायेत. वरची तार काढली का बंद." मी एकदा पुस्तकातलंच दाखवून म्हटलं की, काका, तुमची झेफरसुद्धा विजेवरच चालायची, डिझेलने आधी वीज तयार व्हायची आणि तिने चाकं फिरायची. मला वाटलं, आता सापडले. काका म्हणाले, "आपली आपन तयार करत होती ना? उसनी तं नाही आनत होती."

माणसंसुद्धा ते इंधनावरून ओळखत. त्यांचं म्हणणं असं: "पेट्रोलले ठिनगी लागते. डिझेलले ठिनगी नाही लागत, दाब लागते. दाबून दाबून गरम झालं का आपोआप पेटते." शेजारचे पोस्टमन डिझेल. सरपंच रॉकेल. मी पहिल्या आठवड्यातच दूधवाल्याशी भांडले, तेव्हापासून मी पेट्रोल. "मॅडमजवळ काडी पेटवू नोका," असं ते माझ्या तोंडावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मला राग यायचा, म्हणजे त्यांचंच खरं व्हायचं.

ते पुस्तक त्यांच्याकडे आलं कसं, हे मला काकूंनी सांगितलं. मिलमध्ये असताना एकदा बॉयलरचा पाण्याचा पंप बंद पडला. आत पाणी जाईना आणि वाफेचा काटा वर चढायला लागला. सगळे बाहेर पळाले. काकांनी वाफ सोडायचा व्हॉल्व्ह उघड्या हाताने फिरवला आणि वाफ निघून जाईपर्यंत तसाच धरून ठेवला, कारण तो सोडला की आपोआप बंद होत होता. मिल वाचली, आतबाहेरची माणसं वाचली, आणि हात गेला. नागपूरला दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले. तिथे बाहेरच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना हे पुस्तक दिसलं. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. पण उघडल्याबरोबर इंजिनाचं कापलेलं चित्र निघालं, आणि ते त्यांना आपल्या घरच्या माणसाचा फोटो पाहावा तसं ओळखू आलं. बांधलेल्या हाताने ते पुस्तक छातीशी धरून ते वॉर्डात परत आले.

"मंग वाचून देनारं कोन भेटते?" काकू म्हणाल्या. "मनून यायनं किरायदार ठेवाले सुरुवात केली."

तेव्हापासून त्या खोलीत इंग्रजी येणारा माणूसच राहिला. भाडेकरूने मराठीत सांगायचं आणि काकांनी डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत दोनशेपानी वहीत लिहून घ्यायचं, अशी रीत होती. पहिले एक होमिओपॅथीचे डॉक्टर होते. त्यांना इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण 'नाही येत' म्हणणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्या मोठ्या धावेच्या आदल्या दिवशी इंजिनाचं एक बेअरिंग तडकलं होतं. डॉक्टरांनी 'बेअरिंग'चा शब्दकोशातला दुसरा अर्थ धरून सांगितलं की, आदल्या दिवशी इंजिनाची वागणूक फुटली. काकांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "वागनूक कशी फुटंल जी, डॉक्टरसाहेब? बेअरिंग असंल, पाहा." पाहिलं तर बेअरिंगच. इंग्रजीचं अक्षर न येणारा माणूस इंग्रजीतली चूक पकडतो, हे डॉक्टरांना झेपलं नाही. ते लवकरच गोंदियाला गेले.

त्यांच्यानंतर अकोल्याकडचा एक बँकेतला तरुण आला. तो तीन वर्षं राहिला, मनापासून सांगायचा आणि गोड बोलायचा. पुस्तकातली ती हजार मैलांची धाव त्याच्याच काळात लिहून झाली. काका त्याची आठवण फार काढत. इतकी की, मला न पाहताच त्याचा राग यायला लागला.

मी आले तोवर चार वह्या भरल्या होत्या. उरलेली पानं आम्ही वर्षभरात संपवली, आणि मग काकांच्या मनात आलं की हे छापायचं. "पन छापाच्या आंधी तपासून द्या, मॅडम. पेपर तपासता ना, तशी तपासा. लाल पेन घेऊन."

लाल पेन हातात आलं की माझ्या अंगात येतं. मी पहिल्या वहीपासून सुरुवात केली. एका हाताशी पुस्तक, एका हाताशी वही. पण धावेच्या वहीपर्यंत आले तेव्हा शाळेत सहामाही परीक्षा चालू होती आणि मला घाई होती. वहीत लिहिलं होतं की, गाडी सुटायच्या वेळी कोणीतरी एक गाढव भेट दिलं आणि ते गाढव गाडीत बसून जत्रेला गेलं. मी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. त्या अकोल्याच्या शहाण्याने भोळ्या माणसाची चेष्टा केली, याबद्दल मला शंकाच राहिली नाही. पुस्तक न उघडताच मी त्या परिच्छेदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल काट मारली आणि समासात लिहिलं: 'थापा.'

काकांनी काट पाहिली. पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवलं. मी पान काढलं. गाढव होतं. त्याचं नाव होतं, ते कोणी दिलं ते होतं, त्याच्या चाऱ्याची सोय कशी केली तेही होतं. अर्धं पान भरून गाढव.

"आमच्या गाढवाले उतरवलं व्हय गाडीतून?" काका म्हणाले. काकू आत हसत होत्या ते मला ऐकू येत होतं. मी कान धरले आणि त्या दिवसापासून ठरवलं की, एकेक ओळ पुस्तकाशी लावून पाहिल्याशिवाय पेन टेकवायचं नाही.

हे ठरवलं नसतं तर फार बरं झालं असतं.

पुढच्याच रविवारी वायरींचं पान आलं. हे पान काकांना पाठ होतं. पाठ म्हणजे किती, तर दिघोरीच्या मंडईत ते दरवर्षी ते सांगायचे. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. लवकर येणारा हलका धान निघालेला असतो, लेकी-जावई घरी आलेले असतात, दुकानं लागतात, दुपारी दंडारीचा नाच असतो. दिघोरीत दंडार सुरू व्हायच्या आधी काकांनी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर उभं राहून 'गाडी सांगायची', हा तिथला रिवाजच होऊन बसला होता. लोक कथा ऐकायला बसावेत तसे बसायचे. सगळं ऐकून घ्यायचे, पण वाट पाहायचे ती वायरींची.

ते असं: गाडी भर वेगात असताना दरवाज्यात सापडून एक केबल चिरडली आणि इंजिन बंद पडलं. ते पुन्हा चालू करायची तारच जळून गेलेली. गाडी आपल्या जोरावर घरंगळत राहिली, वेग कमी कमी होत चालला. थांबली की सगळं संपलं, कारण न थांबता जायचं हीच तर पैज होती. तेव्हा गाडीतल्या एका माणसाने तुटलेल्या तारेची दोन टोकं उघड्या हातांनी एकमेकांना लावून धरली. हात भाजला. इंजिन पेटलं. गाडी थांबली नाही.

आणि मग वहीत पुढे दीड पान होतं. गाडी जत्रेत पोचली तेव्हा लोकांनी मालकाला बाजूला सारलं, साहेबाला बाजूला सारलं, आणि विचारलं की ज्याने वायरी धरल्या तो माणूस कुठे आहे. त्याला खांद्यांवर उचललं, सगळ्या जत्रेतून मिरवलं, त्याच्या भाजलेल्या हाताला मोठ्या मोठ्या माणसांनी हात जोडले.

मी पुस्तकात पाहिलं. माणसाने वायरी धरल्या, हात भाजला, इंजिन चालू झालं. ही एक ओळ होती. तिच्यानंतर गाडीने पुढचं स्टेशन किती वेगात ओलांडलं ते होतं.

काका समोर बसून, डोळे मिटून, वहीतलं तोंडपाठ म्हणत होते. 'खांद्यांवर उचललं' इथपर्यंत आले आणि मी म्हटलं, "काका, हे पुस्तकात नाही."

त्यांनी डोळे उघडले. "नीट पाहा."

"पाहिलं."

"गाढवबी नव्हतं म्हनल्या होत्या."

तो टोला मला बसला. मी मागचं पान पाहिलं, पुढची चार पानं पाहिली, शेवटची सूची काढून तिच्यातून पाहिलं. जत्रेत पोचल्याचं वर्णन शब्दान्‌शब्द वाचून दाखवलं. गर्दी होती, टाळ्या होत्या, साहेब लोक होते. तो माणूस नव्हता. आणि मग, मला आजही त्याची लाज वाटते, मी माझ्या खरेपणाच्या तोऱ्यात म्हणून गेले, "गाढवाला अर्धं पान आहे काका. त्याला एकच ओळ आहे."

काकांनी पुस्तक मिटलं. वळणारी बोटं आणि न वळणारी बोटं, सगळी त्या पुस्तकावर ठेवली. मग म्हणाले, "त्या अकोल्यावाल्याले फोन लावा. लावा, मी सांगतो ना. म्हातारपनी माह्या तोंडून गावाले खोटं सांगवलं त्यानं. इचारतो त्याले, काहून असं केलास मनून."

मी मोबाइल हातात घेतला. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. पदराला हात पुसत दारातच उभ्या राहिल्या.

"त्याले काही बोलू नोका," त्या म्हणाल्या. "थो नाहीच म्हनत होता. मीच सांगतलं त्याले लिवाले."

काकांनी पुस्तकावरचे हात काढून घेतले.

"थो पोरगा आंधी मले वाचून दाखवे, मंग तुमाले सांगे. ते वायरीचं आलं तं मी म्हनलं, पुढं काय झालं त्या मानसाचं? थो म्हने, काही नाही लिवलं काकू. मी म्हनलं, कसं नाही लिवलं? लिव तू. उचलून न्या म्हना त्याले." काकूंचा आवाज एरवी कधी चढत नसे, तो आताही चढला नाही. "तुमी दवाखान्यात महिना काढला. मिलमधून एक मानूस पाहाले नाही आला. मालक म्हने, कोनं सांगतलं होतं हात लावाले? म्या ते आयकलं हाये, माह्या कानानं. मंग त्या गाडीवाल्याचं तरी बरं व्हाव, असं वाटलं मले."

काका उठले, चप्पल घातली आणि अंगणातल्या पंपाशी जाऊन बसले. तो पंप आदल्या दिवशीच दुरुस्त झाला होता. त्यांनी तो पुन्हा उघडला.

पुढचे आठ-दहा दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोललं नाही. काका स्टेशनावर जाईनात. मी माझ्या परीने त्यांना समजावून पाहिलं. मी म्हटलं, चूक झाली असेल तर दुरुस्त करू, एवढा भाग खोडू आणि पुस्तक छापू. ते म्हणाले, "खोडा." पण ज्या आवाजात म्हणाले तो ऐकून माझ्याने पेन उचलवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी चूक पाहून ती तशीच ठेवली.

मग दिघोरीहून धाकट्या भावाचा फोन आला की मंडई परवा आहे, केव्हा येता. काकांनी सांगितलं, "मी नाही येत या साली." भावाने कारण विचारलं. "खोटं सांगाले येऊ कायले? गावानं दोनदा आयकलं, दहादा आयकलं. आता खरं सांगतो तं लोक मनतील, बुढा बावचळला." फोन ठेवला. काकू चुलीपुढे बसून सगळं ऐकत होत्या. त्यांनी एका शब्दानेही आग्रह केला नाही. पण मंडईच्या आदल्या सकाळी उठून त्यांनी काकांचा पांढरा शर्ट धुतला, वाळवला आणि इस्त्री करून खुंटीला लावला. त्याच्या शेजारी आपलं लुगडं लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुमीबी चाला. तुमी आमची मंडई पाहेली नाही."

सकाळी निघायच्या वेळी काकांनी शर्ट घातला. वरठीहून भंडारा, भंडाऱ्याहून लाखांदूरकडची गच्च भरलेली बस. काका खिडकीशी, काकू त्यांच्या शेजारी, मी मागच्या बाकावर. वाटभर मी मनातल्या मनात शंभरदा म्हटलं की, देवा, यांनी काहीही सांगावं, पण त्या बाईला चारचौघांत खोटं पाडू नये. काकूंनी केलं ते चूकच होतं, इतिहासात असं घालायचं नसतं, हे मी वर्गात रोज ओरडून शिकवते. तरी मला तसंच वाटत होतं.

दिघोरीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. देवळापुढे दुकानं लागली होती, फुगे, जिलेबी, बांगड्या. दंडारवाल्यांनी तोंडाला रंग लावून घेतला होता आणि ते बाजूला उकिडवे बसले होते, कारण आधी गाडी. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला. काकूंना जावांनी पुढे ओढून घेतलं. मी त्यांच्या शेजारी तरटावर बसले.

काका ओट्यावर चढले. पहिल्यांदा आवाज जरा अडखळला, मग लागला. कोळशाची इंजिनं सांगितली, स्टील सांगितलं, त्यासाठी कोणाचा तरी गिलास मागून घेतला. फुटलेलं बेअरिंग सांगितलं. मग ती पहाट. "हजार मैल जी. फाटकाफाटकावर मानसं उभी. पोरायले खांद्यावर घेऊन उभी. गाडी येते केवढ्याची नं जाते केवढ्याची." गाढवाला मंडई खदखदून हसली. आणि मग केबल चिरडली.

जिलेबीवाल्याने झारा कढईबाहेर धरला. काकांनी वायरी धरल्या, म्हणजे दोन्ही मुठी पुढे केल्या, एक अर्धीच मिटणारी. "हात भाजला. मास जळल्याचा वास आला. पन त्यानं सोडलं नाही. इंजन पेटलं. गाडी थांबली नाही."

आणि काका थांबले.

लोक वाट पाहत राहिले. काकू माझ्या शेजारी मान खाली घालून तरटाचा एक दोरा ओढत होत्या. कोणीतरी एक म्हातारा पुढून म्हणाला, "मंग उचललं ना जी त्याले?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. बायकांच्या अंगाला पाहिलं.

"उचललं," ते म्हणाले. "उचललं कसं नाही? पन एक गोष्ट म्या तुमाले आतापावेतो सांगतली नव्हती. मले ठाऊकच नव्हती, या साली समजली. लोकायच्या ध्यानातच नव्हता थो मानूस. साहेबायले हार घालून राहिले होते, गाढवाले पाहून राहिले होते. थो कोपऱ्यात हात बांधून उभा. तं गर्दीत त्याची बायको होती. लहानशी बाई. थी पुढं झाली नं म्हने, अरे, याले उचला. यानं हात जाळला हाये. कोनी नाही आयकलं तं थी पुन्हा म्हने. तवा लोकायनं त्याले उचललं. थी नसती तं कोनं उचललं असतं?"

पुरुषांकडून टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या, दंडारवाल्यांनी ढोलकीवर थाप मारली. काका आणखी काहीतरी सांगत होते, ते त्यात बुडून गेलं. काकूंनी मान वर केली नव्हती. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "बाई, ते बायकोचं... ते पुस्तकात हाये का?"

"आहे ना, काकू," मी म्हणाले, आणि कितव्या पानावर आहे तेही सांगितलं.